नवीन आहे, पण मजा येत नाही: कोड्यांच्या गेमचं काय करावं?

उन्हाळी_पाहुणा (शनि, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

नोकरी सांभाळून एक कोड्यांचा गेम बनवतोय. कल्पना अशी: वैशाखातली दुपार, वाड्याचा फरसबंद चौक आणि अनवाणी पोरगा. फरशी तापलेली, त्यामुळे पाय फक्त सावलीत टाकायचा. चौकात लाकडी पेट्या आहेत. प्रत्येक पेटीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला दोन घरं पडते. पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. सगळ्या पेट्या खुणेच्या घरांवर गेल्या की पातळी सुटली. १९८२चा जपानी सोकोबान ज्यांनी खेळलाय त्यांना ढकलाढकली ओळखीची वाटेल. सावली मात्र माझी.

त्यावर बरंच काही चढवलंय. दर दहा पावलांनी सूर्य सरकतो: सकाळ, मध्यान्ह, संध्याकाळ, परत सकाळ. ऊन वळवणारे आरसे आहेत. ढग येतात. पाण्याची घागर ओतली की आसपासची फरशी थोडा वेळ गार होते. एक मांजर आहे, ते सावलीत येऊन बसतं आणि वाट अडवतं.

मित्रमंडळींना खेळायला दिला. "वेगळंच आहे रे काहीतरी" असं सगळे म्हणतात आणि थोड्या वेळाने फोन खाली ठेवतात. पण मधेच भरतीला म्हणून टाकलेल्या दोन साध्या सोकोबान छापाच्या पातळ्या मात्र सगळ्यांनी हट्टाने पूर्ण केल्या! एक मित्र म्हणतो, नवेपणा कमी कर, लोकांना ओळखीचं आवडतं. दुसरा म्हणतो, मग बनवतोस कशाला, सोकोबान आहेच की.

तर नवेपणा आणि मजा यांचा मेळ कसा घालता तुम्ही? भरीस भर म्हणजे सावलीतून सावलीत उड्या मारायचा 'शिम' नावाचा डच गेम २०२४ मध्येच येऊन गेलाय असं कळलं. झोप उडाली आहे.

खेळून बघायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दुवा पाठवतो.

भेंडीगवार (शनि, रात्री ११:३२)

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काहीही काढा, मांजर काढू नका.

एडिसनचा_मावसभाऊ (रवि, सकाळी ८:०५)

नवेपणाची फार काळजी करू नका, शेवटी नक्कलच जिंकते. २०१४ची गोष्ट आठवा. दोघांनी मिळून चौदा महिने खपून फेब्रुवारीत 'थ्रीज' आणला. एक आणि दोन मिळून तीन, मग सारखे आकडे एकमेकांत मिसळायचे. अप्रतिम गेम. लगेच त्याची नक्कल '१०२४' आली आणि मार्चमध्ये इटलीतल्या एकोणीस वर्षांच्या पोराने एका वीकेंडला '२०४८' लिहून फुकट सोडून दिला. आज घराघरांत कुठला गेम माहीत आहे ते सांगायला नको. आमच्या सोसायटीतल्या आजोबांना २०४८ येतो, थ्रीज कुणी ऐकलेला पण नाही.

तेव्हा सोकोबान करा, वर छान चित्रं लावा आणि मोकळे व्हा.

प्रमेय (रवि, सकाळी ९:४०)

@एडिसन, तपशील बरोबर, निष्कर्ष अर्धवट. थ्रीजच्या जोडगोळीने नंतर त्या चौदा महिन्यांचा आपापसातला पत्रव्यवहारच जाहीर केला होता. तो वाचला तर दिसतं की मूळ खेळ त्यांना फार लवकर सापडला होता. मग त्यावर नाना सजावटी आणि जादा नियम चढवले, आणि बराचसा काळ ते परत उतरवण्यात गेला. शेवटी साधे आकडेच राहिले. (धागाकर्ते, मांजर आणि घागर आठवली का? गमतीने घ्या.)

दुसरं, २०४८ला निव्वळ नक्कल म्हणणं मला पटत नाही. थ्रीजमध्ये ठोकळे एका वेळी एकच घर सरकतात, म्हणून प्रत्येक चाल जोखून करावी लागते. २०४८मध्ये ते थेट भिंतीपर्यंत घसरतात. एवढ्या एका बदलाने खेळ ढिला झाला. मोठा आकडा एका कोपऱ्यात दाबून ठेवायचा आणि दोन-तीन दिशांनी खेळत राहायचं, बराच पल्ला निघतो. जाणकारांना हा दोष वाटतो, पण लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाला हीच सोय आहे. फुकट होता हेही आहेच.

म्हणजे मजा कुणाची, हे आधी ठरवा. लोकलमधला माणूस की कागद-पेन्सिल घेऊन बसणारा? दोघांना एकाच पातळीत खूश करायला गेलात तर दोघेही फोन खाली ठेवतील.

नाशिकची_द्राक्षं (रवि, सकाळी १०:१५)

मी बनवणारी नाही, खेळणारी आहे. अशा गेम्सवर पैसे घालवते, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजते.

मला नवेपणाने कधीच कंटाळा आलेला नाही. कंटाळा येतो तो "आता नक्की काय चुकलं" हे कळत नाही तेव्हा. २०१५चा 'स्नेकबर्ड' घ्या. गोंडस रंगीत पक्षी, वाटतं पोरांचा गेम आहे, आणि आत इतका कठीण की मी म्हटलं नमस्कार. पण हरले तरी का हरले ते प्रत्येक वेळी समोर दिसायचं, म्हणून परत परत गेले. त्याच लोकांनी नंतर २०१९ मध्ये 'स्नेकबर्ड प्रायमर' काढला. तेच पक्षी, तेच नियम, फक्त पातळ्या सोप्या. माझ्या लेकीने तो पूर्ण केला आणि मग मूळचा हातात घेतला. नवेपणा तेवढाच राहिला, पायऱ्या तेवढ्या बुटक्या केल्या.

तुमचा गेम मागवून खेळले. मला "दर दहा पावलांनी सूर्य" जाम वैताग देतो. मी कोडं सोडवत नव्हते, पावलं मोजत होते. सात, आठ, नऊ, अरे देवा. आणि मागे जायचं बटण कुठे आहे?

उन्हाळी_पाहुणा (रवि, सकाळी १०:५०)

@द्राक्षं, मागे जायचं बटण मुद्दाम दिलेलं नाही, ताण राहावा म्हणून.

नाशिकची_द्राक्षं (रवि, सकाळी १०:५३)

ताण ऑफिसात पुरेसा आहे हो.

तिसरी_घंटा (रवि, दुपारी १:३०)

द्राक्षंताईंना +१. जिथे पेटी ढकलता येते पण ओढता येत नाही, तिथे एक चुकीचा धक्का म्हणजे पातळी बाद. अशा खेळात मागे जायची सोय नसेल तर माणूस प्रयोग करत नाही, घाबरत घाबरत खेळतो. आणि कोड्यात मजा प्रयोगातच असते. चाल उलटवता येणं आणि पातळी नव्याने सुरू करणं, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात.

मी पुण्यात एका लहान स्टुडिओत काही वर्षं गेम तपासायचं काम केलंय. तिथली एक सवय सांगते. माणूस खेळत असताना त्याच्या मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. "अरे तसं नाही, ती पेटी..." असं एकदा म्हणालात की ती चाचणी वाया गेली. आणि खेळून झाल्यावर "आवडला का?" विचारू नका, आपल्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. "ही पातळी कशी सोडवलीस ते मला समजावून सांग" असं म्हणा. जो माणूस हातवारे करून, "मला वाटलं ही पेटी इकडे न्यावी, पण मग लक्षात आलं..." असं सांगू लागतो, त्याला मजा आलेली असते. जो "काहीतरी केलं आणि सुटली" म्हणतो, त्याला नाही.

२००७चा 'पोर्टल' त्या नजरेने परत बघा. भिंतीत दारं पाडायची बंदूक हे केवढं विचित्र प्रकरण! मूळ कल्पना डिजिपेन या अमेरिकेतल्या गेम शिकवणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या 'नार्बाक्युलर ड्रॉप' या गेममधली, पोर्टलवाल्या वाल्व्ह कंपनीने त्या सगळ्या मंडळींनाच कामावर घेतलं. पण पूर्ण गेममध्ये ती बंदूक तुम्हाला पहिल्या खोलीत मिळत नाही. आधी दारं आपोआप उघडतात, तुम्ही फक्त त्यांतून जाता. मग एकच दार पाडता येणारी बंदूक मिळते. दोन्ही दारं तुमच्या हातात येतात ती बऱ्याच खोल्यांनंतर, आणि तोवर डोकं त्या विचित्रपणाला सरावलेलं असतं. तुमच्याकडे पहिल्याच पातळीत सूर्य, आरसा आणि घागर एकदम समोर येतात.

शून्यगड (रवि, सायं. ६:१०)

दुपारभर हाच गेम घेऊन बसलो होतो, बायकोच्या शिव्या खाल्ल्या. आता लांबण लावतो.

मी काय केलं, आरसे, ढग, घागर वगैरे असलेल्या पातळ्या सोडून दिल्या. सुरुवातीला एक चौक आहे ना, एकच पेटी असलेला, तिथेच खेळत बसलो. सूर्य पूर्वेला, म्हणजे उजवीकडे. पेटीची सावली डावीकडे. मी त्या सावलीत उभा राहून पेटी उजवीकडे ढकलली. पेटी सरकली, सावली सरकली, मीही तिच्या मागोमाग सावलीतच. परत ढकलली, परत तेच. म्हणजे सूर्याकडे तोंड करून पेटी कितीही लांब नेता येते!

आता तीच पेटी वर न्यायची म्हटलं तर? तिच्या खाली उभं राहावं लागतं आणि तिथे ऊन. समजा तिथे दुसऱ्या कशाची सावली आहे. ढकलल्यावर मी पेटीच्या जुन्या घरात जाणार, आणि तिची सावली तोवर वरच्या ओळीत गेलेली. म्हणजे उभं राहायला एक सावली आणि पाऊल टाकायला दुसरी.

आणि सूर्याकडे पाठ करून? तिथे तर गंमतच आहे. दोन पेट्या, मधे एक घर, त्यात मी. मागच्या पेटीची सावली माझ्यावर आणि माझ्या पुढच्या घरावर. पुढची पेटी ढकलली की मी त्या घरात आलो, अजून सावलीत आहे. पण यापुढे नाही. म्हणजे बरोबर एक घर, त्याहून जास्त नाही.

हे तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही, चिन्हांनी दाखवलेलंही नाही. "सावलीतच चाल" आणि "पेटी ढकल" या दोन वाक्यांतून ते आपोआप निघतं. मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. तुमचा नवेपणा इथे आहे, आणि तुम्ही तो घागरीखाली झाकून ठेवलाय.

त्या मित्रांच्या दोन्ही सल्ल्यांत हेच चुकतंय. ते नवेपणा भांड्यातल्या मिठासारखा धरतात, कमी घालू की जास्त. पण तुमच्याकडे पाच नवे नियम आहेत आणि प्रत्येकातून निघालेलं जेमतेम एक-एक कोडं आहे. सोकोबानच्या पातळ्या लोकांनी पूर्ण केल्या त्या ओळखीच्या म्हणून नव्हे. तिथे एकाच नियमाच्या पोटात शिरायला वाव होता म्हणून. नवा नियम एकच ठेवा आणि त्याच्या पोटातून जेवढं निघतं तेवढं काढा.

'शिम'ची काळजी सोडा. तिथे तुम्ही सावलीत उड्या मारणारा बेडकासारखा जीव आहात, ढकलाढकलीशी संबंध नाही. "सावलीत चाला" ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही. "एकटी पेटी फक्त सूर्याकडेच जाते" हे मात्र मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

प्रमेय (रवि, रात्री ८:४५)

शून्यगड, दंडवत घ्या.

'बाबा इज यू'ची हकिकत याला जोडून. फिनलंडच्या आर्वी तेइकारीने २०१७च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये (थोडक्या वेळात गेम बनवायचा मेळावा) त्याचं पहिलं रूप केलं, पूर्ण गेम २०१९ला आला. खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी पटावर लिहिलेले असतात, आणि ते शब्द ढकलता येतात. 'वॉल इज स्टॉप'मधला 'स्टॉप' बाजूला ढकलला की भिंतीतून आरपार चालत जा. इतका उफराटा खेळ आधी कुणी पाहिला नव्हता. पण हाताला काय करावं लागतं? चार दिशा आणि ढकलणं, म्हणजे १९८२चंच. डोक्याला सगळं नवं, हाताला सगळं जुनं. दोनशेहून जास्त पातळ्या त्याने त्या एका कल्पनेवर उभ्या केल्या.

टेट्रिसवाल्या पाजितनोवचंही तसंच. १९८४ साली मॉस्कोत त्याने पाच चौकोनांच्या पेंटोमिनो तुकड्यांपासून सुरुवात केली. ते बारा होतात. फार झाले म्हणून चार चौकोनांवर आला, सात तुकडे उरले. आणि भरलेली ओळ नाहीशी होते ही भर घातली, कारण नाहीतर पट लगेच भरून जायचा.

सूर्याच्या गणिताबद्दल: तुमच्याकडे सूर्याच्या तीन जागा आणि दर दहा पावलांनी बदल. म्हणजे पेट्यांच्या प्रत्येक मांडणीच्या तीस वेगवेगळ्या अवस्था. संगणकाला परवडेल, द्राक्षंताईंना का परवडावं? सूर्य हलवायचाच असेल तर तो खेळणाऱ्याच्या हातात द्या. चौकात प्रहराची घंटा ठेवा, तिच्या घरावर पाय पडला की सूर्य पलीकडे. मग तो घड्याळाचा काच राहत नाही, चाल होते.

एडिसनचा_मावसभाऊ (रवि, रात्री ९:२०)

सगळं मान्य, पण मग २०२१चा 'वर्डल'? त्यात नवा नियम काय होता? गुप्त शब्द ओळखा आणि प्रत्येक अंदाजाला खूण मिळवा, हे 'मास्टरमाइंड'मध्ये रंगीत खुंट्यांनी कधीचं चालू होतं. तरी जग वेडं झालं आणि २०२२च्या जानेवारीत न्यू यॉर्क टाइम्सने तो विकतही घेतला.

मोडीवाचक (रवि, रात्री १०:०२)

एडिसनराव, नवं होतं ते नियमात नव्हतं एवढंच. दिवसाला एकच शब्द, सगळ्या जगाला तोच, आणि उत्तर न फोडता मित्रांना पाठवता येणारी ती हिरव्या-पिवळ्या चौकोनांची जाळी. खेळ संपल्यावरच्या गप्पांची सोय त्याने करून ठेवली.

अवांतर: आम्ही दोघा मित्रांनी तसलाच खेळ मराठीत करायचा घाट घातला होता. तिथे नवेपणा लिपीनेच गळ्यात घातला. 'की' आणि 'कि' एकच का? उत्तर 'पाखरू' असेल आणि मी 'पिवळा' लिहिलं तर पहिल्या घराला काय रंग द्यायचा? व्यंजन बरोबर, स्वर चूक. तिसरा रंग घालावाच लागला. आणि तोच खेळाचा सगळ्यात चविष्ट भाग झाला, कारण व्यंजनांचा सांगाडा हाती आल्यावर माणसं काना-मात्रा लावून बघत मोठ्याने शब्द पुटपुटायला लागली. जोडाक्षरांना मात्र आम्ही भ्यायलो, पहिल्या यादीतून सरळ वगळली. 'ज्योत्स्ना' कुणाला ओळखता येणार!

भेंडीगवार (रवि, रात्री १०:१०)

म्हणजे मांजर जाणार का?

उन्हाळी_पाहुणा (सोम, रात्री ११:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. शून्यगडांचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला.

ठरवलं ते असं. आरसे, ढग, घागर बाहेर. पावलं मोजणारा सूर्य बाहेर. पहिल्या भागात सूर्य एकाच जागी, दुसऱ्या भागात प्रहराची घंटा. चाल उलटवायचं बटण आलं. नवीन पातळ्या आधी पझलस्क्रिप्टमध्ये करून बघतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टीफन लॅव्हेलने २०१३ मध्ये केलेलं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्येच चालतं, ढकलाढकलीचे नियम दोन-चार ओळींत लिहिता येतात आणि चाल उलटवणं आयतं मिळतं. सावलीचे नियम लिहायला जरा झटावं लागलं, पण एक पातळी कल्पून ती खेळून बघायला आता अर्धा तासही लागत नाही. ती आवडली नाही तर फेकून द्यायला दुःख होत नाही, हा खरा फायदा. आधी प्रत्येक पातळीसाठी चित्रं काढून बसायचो, मग ती टाकवायची नाही.

शून्यगडांच्या शेवटच्या मुद्द्यावरून केलेली ही पातळी बघा. सूर्य उजवीकडे. ग म्हणजे गार ओसरी, पोरगा तिथून निघतो. प म्हणजे पेटी, × म्हणजे खूण. भिंतींची सावली धरायची नाही.

# # # ग # # # #
# × प . प . × #
# # # # # # # #

भेंडीगवार (सोम, रात्री ११:४१)

सोपी आहे की. ओसरीतून खाली उतरायचं, उजवी पेटी दोनदा ढकलायची, आणि मग डावी... अरे. थांबा.

नाशिकची_द्राक्षं (मंगळ, सकाळी ७:२०)

लेकीला शाळेच्या रिक्षाची वाट बघताना दिली. तिनेही आधी उजवीच ढकलली आणि पलीकडच्या टोकाला अडकली. दोन वेळा उलटवलं, तिसऱ्यांदा म्हणाली, "आई, ती पेटी आधी सोडायचीच नाही, तिची छत्री लागणारे." मग डावी एक घर, परत मागे, मग उजवी. रिक्षात बसताना पुढची कधी म्हणून विचारत होती.

तिसरी_घंटा (मंगळ, सकाळी ९:००)

@द्राक्षं, चाचणी अशी असते! एक बारीक सूचना: उजव्या खुणेच्या पुढे आणखी एक मोकळं घर ठेवून बघा. पेटी खुणेपलीकडे ढकलली जाण्याची शक्यता राहिली तर थोडी जास्त चव येईल. किंवा उगाच त्रास होईल. दोन माणसांना देऊन ठरवा.

प्रमेय (मंगळ, सकाळी ९:३५)

त्रासच होईल. या पातळीत सांगायची गोष्ट एकच आहे, पेट्यांचा क्रम. दुसरी चूक करायला जागा ठेवली की पहिली दिसत नाही. तसंच ठेवा.

शून्यगड (मंगळ, दुपारी १२:१५)

सहमत, तसंच ठेवा.

शेवटच्या भागासाठी एक किडा सोडतो. आपल्याकडे वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो, पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्याला आणि परत जुलैच्या शेवटी. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच. गेममध्ये घंटा वाजून तो प्रहर आला तर चौकात एकही सावली नाही, फक्त ओसऱ्या. म्हणजे घंटेवर पाय ठेवण्याआधी पुढच्या घंटेपर्यंतचा रस्ता ओसऱ्यांनी जोडलेला हवा. नवीन नियम एकही लागत नाही, सूर्याची फक्त आणखी एक जागा.

उन्हाळी_पाहुणा (मंगळ, रात्री ११:०५)

बापरे. घेतलं.

पण त्या प्रहरात पेटी ढकलता येईल ती फक्त ओसरीतून ओसरीत पाऊल टाकताना, म्हणजे पेटी ओसरीवर चढवावी लागेल. पेटी ओसरीवर चढते का, हे मी अजून ठरवलेलंच नव्हतं. आज रात्री पझलस्क्रिप्टमध्ये दोन्ही तऱ्हांनी करून बघतो. कुणी जागं असेल तर व्यनि करा.

@भेंडीगवार, मांजर मुख्य पानावर बसवलंय. सावलीत झोपलेलं आहे, हलत नाही.